किडनी बसली, रोजच्या गोळ्यांचं काय? औषध निधीसाठी आवाहन

किडनी प्रत्यारोपणाच्या ऑपरेशनला लोक भरभरून मदत करतात. रुग्ण घरी गेला की मदत आटते, खर्च मात्र आटत नाही. कितीही वर्षं झाली तरी बसवलेली किडनी शरीराला परकीच वाटते. ती काम करते आहे तोवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावीच लागतात. १९५४ साली बोस्टनमधलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण या औषधांविना टिकलं, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. बाकीच्यांना ती सवलत नाही.

आमच्या रुग्ण साहाय्य मंडळाच्या औषध निधीत सध्या खडखडाट आहे.

बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन औषधं असतात. हात आखडला की एक युक्ती हमखास निघते: दोन वेळची गोळी एकाच वेळेवर आणायची, स्ट्रिप दुप्पट दिवस पुरते. टॅक्रोलिमसची साधी कॅप्सूल १२-१२ तासांनी घ्यायची असते. एक डोस गाळत राहिलं की रक्तातली पातळी घसरते आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू होऊ शकतं. सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही, लघवीही नेहमीसारखी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) तेवढं चढत असतं. या काळात किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या, तर नंतर डोस पूर्ववत करूनही त्या सहसा जात नाहीत. म्हणूनच एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा न चुकता येणारी छोटी रक्कम आम्हाला जास्त उपयोगाची आहे.

घरात उरलेल्या गोळ्या मात्र कृपया पाठवू नका. हेतू चांगला असतो, पण साधी कॅप्सूल आणि दिवसातून एकदा घ्यायची कॅप्सूल यांची अदलाबदल चालत नाही, आणि कंपनी बदलली तरी पातळी पुन्हा तपासावी लागते. निधीतून आम्ही थेट औषध दुकानाचं बिल भरतो, तेही चिठ्ठीवर लिहिलेल्या कंपनीच्याच औषधाचं.

निधीचा दुसरा वाटा टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी, म्हणजे त्याची रक्तातली पातळी तपासण्यासाठी आहे. पहिल्या काही महिन्यांत ती साधारण ८ ते १२ आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतात. केंद्रागणिक थोडा फरक असतो. रक्त सकाळच्या डोसच्या आधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो, तो पाहून डोस कमी होतो आणि पैसे खर्चून उलटं नुकसान होतं. त्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. काम सोपं आहे: तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करायचा, ‘रात्रीची गोळी वेळेवर घ्या, सकाळची डबीत घालून बरोबर आणा, रक्त दिल्यावर लगेच घ्या’ एवढं सांगायचं. डोस किती, या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. तो डॉक्टरांचा प्रांत.

परिसरातल्या डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांनाही विनंती. खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवर फ्लुकोनाझोल देण्याआधी ‘प्रत्यारोपण झालंय का?’ एवढं विचारा. या दोन्हींनी टॅक्रोलिमसची पातळी चढते, हात थरथरतात, किडनीलाच इजा होते. रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइनने ती घसरते. जुलाबांतही पातळी वाढू शकते, तेव्हा नुसतं जुलाबाचं औषध देऊन न थांबता रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवा.

किमान सहा महिने दरमहा ठरावीक रक्कम देऊ शकणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावं. मध्येच थांबावं लागलं तर महिनाभर आधी कळवा, म्हणजे त्या रुग्णाची पुढची स्ट्रिप संपण्याआधी दुसरी सोय लावता येईल.