लाळेच्या पट्टीआधी तालुक्याची नोंद हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गांजा किंवा गोळ्या घेऊन गाडी हाकणाऱ्यांची नाक्यावर लाळ तपासावी, ही मागणी रास्तच आहे. आज नाक्यावर असते ते फुंकायचे मशीन, आणि ते फक्त दारू ओळखते. वर्धा, गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही तेच. झोपेच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी घेतलेल्या चालकाचा आकडा शून्य येतो आणि कापसाचा ट्रक जिनिंगच्या दिशेने सुटतो.

पण लाळ तपासण्याच्या पट्ट्यांचे किट घाईने घेऊ नयेत. पट्टी ज्या पदार्थासाठी बनवली, तेवढाच पदार्थ ती दाखवते. अफूवर्गाच्या पट्टीवर ट्रामाडॉल सहसा उमटत नाही, त्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. एमडी म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ अँफेटामाइन वर्गातल्या उत्तेजकांच्या नेहमीच्या पट्टीला बहुधा चकवतो. उलट डॉक्टरांनीच लिहून दिलेले कोडीनचे औषध घेतलेला माणूस अफूच्या पट्टीवर सापडतो. म्हणून आपल्या तालुक्यात काय खपते, हे आधी कळायला हवे.

युरोपातल्या अनेक शहरांत २०११ पासून सांडपाण्यातून हा अंदाज काढतात. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी २४ तास थोडे थोडे पाणी गोळा करून त्यात पदार्थांचे अंश मोजतात. नागपूरसारख्या शहरात हे जमेल. खेड्यात उघडी गटारे आणि शोषखड्डे. त्या पाण्यात किती माणसांचा वाटा आहे हेच ठाऊक नसते, त्यामुळे आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

आपल्याकडे याहून स्वस्त साधन आहे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नोंदीच्या यादीत येतात. दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही ३ वर्षे जपायची असते. औषध निरीक्षकाने घाऊक खरेदीची बिले आणि ही वही शेजारी ठेवून दर महिन्याला बेरीज जुळवली, तर तफावत लगेच दिसते. जोडीला एसटी स्टँडमागे आणि ढाब्यांच्या मागे ठरलेल्या वारी पडलेल्या औषधाच्या बाटल्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे मोजावीत, बॅच क्रमांकासह. बॅचवरून माल कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून निघाला, तिथपर्यंत पोहोचता येते. ग्रामीण रुग्णालयाने गोळ्यांच्या अतिसेवनाचे रुग्ण दरमहा फक्त संख्येने कळवावेत. नावे मुळीच देऊ नयेत, नाहीतर घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात आणायचेच बंद करतील.

आता नाक्यावरचे. आपल्या भागात पहिली अडचण खर्ऱ्याची. तोंडात तंबाखू-सुपारी-चुना असताना घेतलेला नमुना गढूळ होतो आणि पट्टीवर लाळ नीट चढत नाही. खर्रा थुंकायला लावून चूळ भरू द्यावी आणि मग किमान १० मिनिटे थांबावे. तोवर पाणीसुद्धा द्यायचे नाही. गांजाने तोंड कोरडे पडते, त्यामुळे लाळ टिपायचा बोळा भिजायला वेळ लागतो. अर्धवट भिजलेला बोळा टाकला की कंट्रोलची, म्हणजे तपासणी नीट झाल्याची खूण असलेली रेघच येत नाही आणि पट्टीचे कार्ड वाया जाते.

वाचताना सर्वाधिक गफलत होते, कारण या कार्डांची रीत उलटी आहे. कंट्रोलची रेघ आल्यावर पदार्थाची रेघ दिसली तर निगेटिव्ह, नाही दिसली तर पॉझिटिव्ह. पुसट रेघही रेघच धरायची. मोबाइलच्या उजेडात ती पुसट रेघ नजरेतून सुटते आणि भला माणूस अडकतो. किट बहुधा २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर पडलेल्या किटचा निकाल कोर्टात टिकणार नाही.

लघवीची तपासणी मात्र रस्त्यावर नकोच. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत अंश काही आठवडे सापडतात; गाडी चालवताना तो नशेत होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला तेच सिद्ध झालेले हवे असते. दारूसाठी १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, अमली पदार्थांसाठी आकडाच नाही. ‘वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ’ हे दाखवावे लागते. म्हणून पंचनाम्यात गाडी कशी चालत होती, बोलणे कसे होते, डोळ्याची बाहुली केवढी दिसली (अफूवर्गात ती अंधारातही टाचणीच्या डोक्याएवढी राहते), सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत ९ पावले जाऊन परतताना तोल गेला का, हे वेळेसह लिहिलेले हवे. ही चाल मुरमाच्या उतारावर घेऊ नये. तिथे शुद्धीतला माणूसही डगमगतो.

शेवटचा अडथळा वेळेचा. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांत डॉक्टरांकडून तपासणी झाली नाही, तर चालकाला सोडावे लागते. भामरागड, जिवती किंवा मेळघाटात रात्री हे २ तास डॉक्टर शोधण्यातच सरतात. त्यासाठी प्रत्येक नाक्यावर रात्रपाळीच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेला असावा. जवळच्या दवाखान्यात रक्ताच्या नमुन्यासाठी करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळ्या, सील आणि शीतपेटी तयार असावी. दारूचाही संशय असेल, तर सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसू नये. नमुना नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत थंड राहून पोहोचावा.

जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी एच-१ वह्यांची पहिली बेरीज येत्या महिन्यात मागवावी आणि किटची निविदा त्यानंतरच काढावी, ही विनंती.

आपले,
ग्रामीण प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. यवतमाळ