नवख्या विक्रेत्याला मर्यादा असू द्या, पण नियम सांगा

संपादक महोदय,

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. काम कमी केलं तेव्हा खणांमध्ये सुटे भाग भरपूर उरले होते: चाव्या, काटे, डायल, मेन स्प्रिंगा, बॅलन्स म्हणजे आत डोलणारी चाकं, काचा, बंद पडलेल्या मूव्हमेंट म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रणा. यातलं बरंचसं आता कोणी बनवत नाही. अशा मालाचं गिऱ्हाईक दारात येत नाही. ते कुठेतरी लांब, नेमका तोच एक काटा शोधत बसलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोचायला ऑनलाइन बाजारासारखी दुसरी सोय नाही. म्हणून एका मोठ्या साइटवर खातं उघडलं, ओळखपत्र दिलं, बँकेचा तपशील दिला, भिंग लावून फोटो काढले. पहिला खणसुद्धा रिकामा झाला नव्हता, तोच सूचना आली की या महिन्याची तुमची विक्रीची मर्यादा संपली. वाढवून मागितली, तर उत्तर आलं की सध्या शक्य नाही. का नाही आणि कधी शक्य होईल, याबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांनी कधी ऑनलाइन विक्री केली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही मर्यादा बहुतेक दोन अंगांनी असते, नगांची आणि रकमेची. जी आधी भरेल ती आडवी येते. ई-बे या ऑनलाइन बाजारावर ती कॅलेंडर महिन्याप्रमाणे चालते, आणि विक्रीला लावलेला माल व त्या महिन्यात विकलेला माल दोन्ही तिच्यात धरले जातात. एकाच लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या नोंदीत, एकसारखे पाच नग ठेवले तर मोजणी पाचची होते. काही विभाग आणि ब्रँड नव्या माणसाला सुरुवातीला बंदच असतात. अ‍ॅमेझॉनवर अशा मालासाठी उत्पादकाची किंवा घाऊक व्यापाऱ्याची बिलं मागतात. नव्या मालाला हे ठीक आहे. मोडक्या घड्याळातून जपून काढून ठेवलेल्या काट्याचं बिल कोण देणार?

नगांच्या मर्यादेचा मार कोणावर बसतो, ते पाहा. महागडा कॅमेरा विकणाऱ्याचा एका नगात महिन्याचा धंदा होतो. त्याला रकमेची मर्यादा नडेल, नगांची नाही. माझ्यासारख्याचा, किंवा जुनी तिकिटं, बटणं, मणी, सुटे स्क्रू विकणाऱ्याचा सगळा धंदाच नगांवर चालतो. सगळे नग विकले तरी हातात येणारी रक्कम किरकोळ. म्हणजे ज्याच्याकडून फसवणुकीचा धोका सर्वांत कमी, त्याचेच हात आधी बांधले जातात. यावर सल्ला मिळतो की पुडके बांधून विका, पुडकं हा एकच नग धरतात. पण ज्याला एकच बॅलन्स हवा आहे, तो पन्नास बॅलन्सचं पुडकं कशाला घेईल? पुडकी घेतात ते दलाल, पडत्या भावाने. मग तेच भाग सुटे करून, मर्यादा नसलेल्या आपल्या जुन्या खात्यावरून ते चढ्या भावाने विकतात.

मर्यादा मुळात का आली, हे मला कळतं. आज खातं उघडायचं, महागड्या वस्तू स्वस्तात लावायच्या, पैसे गोळा करून पसार व्हायचं आणि उद्या नव्या नावाने परत यायचं, ही जुनी चाल आहे. ई-बे 1995 मध्ये सुरू झालं आणि खरेदीदार-विक्रेत्यांनी एकमेकांना शेरा देण्याची सोय तिथे 1996 मध्येच आणावी लागली. फ्रीडमन आणि रेझनिक या अभ्यासकांनी 2001 मध्ये याचं कारण नेमकं मांडलं होतं. जिथे नवं नाव फुकट मिळतं, तिथे वाईट नाव टाकून देता येतं, म्हणून प्रत्येक नवख्याकडे संशयानेच पाहावं लागतं. प्रामाणिक नवख्यालाही काही काळ त्याची किंमत मोजावी लागते.

पण आता नवं नाव फुकट कुठे मिळतं? ओळखपत्र, बँक खातं, पत्ता, कधी चेहऱ्याचा व्हिडिओसुद्धा घेतात. त्यावर नव्या विक्रेत्याचे पैसे माल पोचेपर्यंत, कधी त्याहून जास्त दिवस, रोखून ठेवतात. त्यावर ही मर्यादा म्हणजे एकाच दाराला तिसरं कुलूप झालं. पहिली दोन लागल्यावर तिसरं थोडं सैल करायला हरकत नसावी. शिवाय अट्टल ठग या मर्यादेपाशी अडकतच नाही. तो दुसऱ्याचं जुनं खातं हॅक करतो किंवा विकत घेतो. अशा मुरलेल्या खात्यांचा चोरटा बाजारही चालतो. नाहीतर तो आधी चार स्वस्त वस्तू नीट विकून शेरे कमावतो आणि मग हात मारतो.

खरेदीदार तर नवख्याला आधीच दंड करतात. रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ई-बेवर जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने तोच माल स्वतःच्या नावाने आणि नव्या, अनोळखी नावांनीही विकला. लोक जुन्या नावाला सरासरी 8.1 टक्के जास्त द्यायला तयार होते. नवखेपणाची अशी किंमत मी मुकाट्याने मोजीन, कारण ती गिऱ्हाईकाने लावली आहे आणि चांगला माल पाठवून ती भरून काढता येते. महिन्याची मर्यादा मात्र चांगला माल पाठवून किती वाढते, हेच कोणी सांगत नाही.

युरोपीय संघाचा 2019 चा एक नियम 12 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यानुसार ऑनलाइन बाजाराने तिथल्या व्यावसायिक विक्रेत्यावर किंवा त्याच्या एखाद्या मालावर निर्बंध घातला, तर कारण लेखी कळवावं लागतं. मोठ्या बाजारांना तक्रार ऐकण्याची व्यवस्थाही ठेवावी लागते. चालू धंद्यावर निर्बंध आला तर कारण मिळणार असेल, तर सुरुवातीपासूनच्या मर्यादेचं कारणही मिळायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

माझी मागणी मर्यादा उठवा अशी नाही. ठरावीक रकमेच्या आतल्या वस्तूंना नगांची मोजणी लावू नका, त्यांना रकमेचीच मर्यादा पुरे. किती विक्रीनंतर, किती वेळेवर पाठवलेल्या मालानंतर, किती तक्रारींच्या आत राहिल्यास मर्यादा केवढी वाढेल, याचा तक्ता खातं उघडण्याआधीच दिसू द्या. नकार दिलात तर सोबत कारण आणि पुन्हा अर्ज करण्याची तारीख कळवा. आणि विक्रेत्यांना बोलावणाऱ्या जाहिरातीत ‘आजच विक्री सुरू करा’ हे ज्या आकाराच्या अक्षरात छापता, त्याच आकारात पहिल्या महिन्याची मर्यादाही छापा.

आपला,
एक घड्याळ दुरुस्ती कारागीर