‘कडवे’ म्हणजे नेमके कोण? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नक्षलवादी संघटनांना आळा घालण्यासाठी आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. विधिमंडळाच्या संयुक्त समितीने मूळ मसुद्यातील व्यक्तींचा उल्लेख काढून रोख ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनां’कडे वळवला. बदल चांगलाच. पण व्याख्यांच्या कलमात ‘बेकायदेशीर कृत्य’ सापडते, ‘कडवे’ मात्र कुठेच नाही.

आपल्याकडे ‘कडवा कार्यकर्ता’ ही शिवी नाही, शाबासकी आहे. पक्ष फुटला तरी जो हलत नाही, तो कडवा. असे कार्यकर्ते आपल्याही पक्षात असतील, आणि त्यांचे आपल्याला कौतुकच असेल! हाच शब्द कायद्यात आला की बंदी, मालमत्ता जप्ती आणि सात वर्षांपर्यंतची कैद.

‘जहाल’चे तेच झाले होते. १९०७ साली सुरतेत काँग्रेस फुटली. टिळकांचा गट जहाल, गोखल्यांचा मवाळ. शाळेत हे आपण सगळ्यांनीच पाठ केले. पुढच्या वर्षी मुझफ्फरपूरला इंग्रज न्यायाधीशाला मारण्यासाठी बॉम्ब टाकला दुसऱ्यांनी. टिळकांनी ‘केसरी’त त्यावर अग्रलेख लिहिले, आणि त्या लेखांसाठी सहा वर्षे मंडाले भोगले. सरकारची भाषा तेव्हाही सुव्यवस्थेचीच होती.

माणूस मताने टोकाला जातो, ही एक गोष्ट. त्या मतासाठी तो सुरुंग पेरतो किंवा पेरायला लावतो, ही दुसरी. गडचिरोलीत पोलिसांनी दुसऱ्या प्रकारची किंमत रक्ताने मोजली आहे, त्याबद्दल कुणाचे दुमत नसावे. पण ‘प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन’ हेही विधेयकात बेकायदेशीर कृत्य आहे. मग इंग्रजांचा जंगल कायदा मोडणारा १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह कुठे बसवायचा? जमीन संपादनाला विरोध म्हणून मोजणी अडवणारे गाव कुठे?

सरकारवर टीका करणाऱ्यांवर कारवाई होणार नाही, असे आपण सभागृहात सांगितलेत. ते मी खरे मानते. पण पोलीस ठाण्यात आपले भाषण उघडत नाहीत, कलम उघडतात.

म्हणून मागणी एवढीच: दुरुस्ती करून ‘कडवे’ची व्याख्या घाला, आणि तिच्यात हिंसा किंवा हिंसेला चिथावणी ही अट असू द्या. राजद्रोहाच्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात असाच लगाम घातला होता. मसुदा आधी मराठीत प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपली,
एक मतदार