मानेचा विषय सोडून

कराड,
रविवार रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की कट झाला, ते मी विचारत नाही. तुझे बाबा म्हणाले रेंज गेली असेल. त्यांना तसंच वाटू दे. फोनवर मी बोलायला लागले की तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मागे लॅपटॉपची टकटक चालू असते, म्हणून हे लिहितेय.

आधी कबुली. "लग्नाच्या वयात मान मोडून घ्यायची हौस" असं मी बोलायला नको होतं. लग्नाचा तिथं काही संबंध नव्हता, ते तोंडातून आपोआप निघालं. आणि तू म्हणालीस तेही खरं, मला कायम मानच दिसते. तेव्हा या पत्रात मानेचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच बसलेय. तू विचारलंस तेवढंच सांगते : शिकायचं काय, कुस्ती, ज्युदो, की ते ब्राझीलचं जिऊ-जित्सू.

तुझ्या बाबांनी तर प्रश्न पुरा ऐकूनही घेतला नाही. "कराडात जन्म घेऊन हे विचारायचं असतं का?" मग गोळेश्वर, खाशाबा जाधव, १९५२ चं हेलसिंकीचं ऑलिंपिक पदक, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक, सगळं परत एकदा झालं. मी भाकरी थापत ऐकून घेतलं. पण त्याच खाशाबांची एक गोष्ट ते सांगत नाहीत. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवयच नव्हती. सगळं अंग मातीत तयार झालेलं. तरी सहावे आले, ही त्यांची ताकद. पण माती वेगळी आणि मॅट वेगळी. मातीत पाय रुततो, वेळ हाताशी असतो, पाठ लागेपर्यंत चालू राहतं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. तुला पुण्यात ऑफिस सुटल्यावर मिळणार ती मॅटच. हळद-ताक-लिंबू घालून मळलेल्या मातीचं स्वप्न बघत असशील तर ते आत्ताच सोड.

कुस्तीतलं एक मला पटतं. गळा दाबायचा नाही, सांधा पिळायचा नाही, दोन्ही खांदे टेकवले की संपलं. पण "सोड" म्हणायची सोयही तिथं नाही. आणि पोरं आठ-दहा वर्षांची असल्यापासून जत्रेत रेवड्यांवर लढत आलेली असतात, तुझ्या वयाला येईपर्यंत त्यांच्या माना खांबासारख्या झालेल्या असतात. तू एकोणतिसाव्या वर्षी त्यांच्यात

बघ, आलंच.

मी तालमीच्या आत कधी गेले नाही, हे तुला माहीत आहे. भाऊसाठी दुधाची कासंडी घेऊन जायचे ती लंगोट वाळत घातलेल्या दोरीपर्यंत. त्याच्या पुढे मुलींनी जायचं नाही. पण भिंतीपलीकडून ऐकू यायचं सगळं. जोर चाललेत की बैठका, ते मी श्वासावरून ओळखायचे. शड्डू कुणी ठोकला तेही. भाऊचा शड्डू जरा पोकळ वाजायचा. अण्णांना, तुझ्या आजोबांना, मी एकदाच विचारलं होतं, मला का नाही? त्यांनी उत्तर दिलं नाही, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दूध गडी नेऊ लागला.

२००४ ला अथेन्सला बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा तू शाळेत होतीस आणि मी तुला भरतनाट्यमला घालत होते. २०२३ ला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. मी मोबाईलवर बघितलं. गदा तिच्या खांद्यावर आली आणि मला रडू आलं. तुझे बाबा विचारत होते काय झालं म्हणून. कांदा चिरत नव्हते, त्यामुळे सांगायला काही सापडलं नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, कारण आता तू म्हणशील, मग मला का अडवतेस?

अडवत नाही गं. ऐक.

जिऊ-जित्सूचं मी शेजारच्या ओंकारकडून समजून घेतलं, त्यानं व्हिडिओही दाखवले. जपानचा माएदा नावाचा ज्युदोवाला ब्राझीलला गेला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्यानं ते शिकून वाढवलं. बहुतेक खेळ जमिनीवरच. कुस्तीत पाठ लागली की हरलो. इथं पाठीवर पडूनच डाव सुरू करतात! अण्णांनी बघितलं असतं तर उठून गेले असते. पण हलक्या अंगाच्या माणसाला ते बरं, असं मला वाटलं. उंचावरून आदळणं कमी, आणि हातानं थोपटलं की समोरच्यानं सोडायचं. पण गळ्याभोवती हात घालून आवळतात ते मला पाच मिनिटंसुद्धा बघवलं नाही. ओंकार म्हणाला, "काकू, ते मानेवर नसतं, बाजूच्या शिरांवर असतं." त्यानं मला फार धीर आला असं नाही.

ज्युदोतही गळा आवळतात, तेही मला कळलंय. तरी माझं मत ज्युदोला. कारण हसण्यासारखं आहे. ज्यानं ज्युदो काढला, १८८२ मध्ये, तो जिगोरो कानो पेशानं मास्तर होता. शिक्षक घडवणाऱ्या शाळेचा मुख्याध्यापक. मास्तरानं काढलेली गोष्ट टप्प्याटप्प्यानं शिकवली जाते यावर माझा चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर विश्वास आहे. पहिले कित्येक दिवस नुसतं पडायला शिकवतात. मागे पडायचं, कुशीवर पडायचं, हाताचा पंजा मॅटवर आपटून मार वाटून टाकायचा आणि हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. कुस्तीसारखं पटात शिरून पाय धरायला तिथं बंदी आहे, त्यावर तुझे बाबा नाक मुरडतात. मुरडू देत.

नाव कुठलंही असो, तू आधी जाऊन बस आणि बघ. नवीन पोरीला जोड कोण देतात? तू ५२ किलोची. ७० किलोच्या गड्याबरोबर "हळू खेळ हं" म्हणून सोडत असतील तर बूट घाल आणि बाहेर पड. महिन्याभरात फेकाफेकी करायला लावत असतील तरीही. शिकवणाऱ्याला विचार, "पडायला किती दिवस शिकवता?" तो हसला तर परत ये. त्याच्या भिंतीवरची पदकं बघू नकोस, त्याच्याकडे पाच-सहा वर्षं टिकलेली पोरं कशी चालतात ते बघ. अंगाला चट्टा उठला तर लपवायचा नाही, नायटा मॅटवरून सगळ्यांना लागतो. नखं काप. सकाळी काहीतरी खाऊन

पुरे. वर्गात असल्यासारखी सुटले. माफ कर.

भाऊमामाची जोड आयत्या वेळी बदलली होती, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. समोरचा ठरलेला पोरगा आलाच नाही आणि गर्दी हलगीवर नाचत होती. अण्णा "नको" म्हणाले नाहीत. त्यांनी नंतर आयुष्यभर ते एक वाक्य सोडून सगळं बोलून घेतलं. ढाकेचा डाव बसून भाऊ मानेवर आदळला तेव्हा मी लांब बायकांत उभी होते, मला फक्त लोक गप्प झालेले कळले.

तू लहानपणी मामाला मागून हाक मारायचीस आणि तो बैलगाडी वळावी तसा अख्खा वळला की खिदळायचीस. तोही हसायचा. मी तुला कधी थांबवलं नाही.

परवा तो आला होता. मी मुद्दाम विषय काढला, म्हटलं हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. त्यानं पहिलं विचारलं, "वजन किती तिचं?" मग म्हणाला, "हनुवटी छातीला, एवढं एकच सांग तिला." आणि दाखवायला लागला. त्याची हनुवटी जात नाही गं तिथपर्यंत. मधे चार बोटं राहतात. त्यानं स्वतःचीच चार बोटं त्या फटीत घालून दाखवली आणि म्हणाला, "एवढं कमी पडलं." मग चहा मागितला.

तुझ्या खात्यावर तीन हजार टाकायला बाबांना सांगितलंय, त्या जाड पोशाखासाठी. सुती असतो तो, पहिल्या धुण्यात आटतो, तेव्हा एक माप मोठा घे. गार पाण्यातच धू.

तुझी
आई

ता. क. पडायला शिकलीस की व्हिडिओ पाठव. मामाच्या नंबरवर पाठव, माझ्या नको. मी त्याच्याकडे जाऊन बघेन.