मेस्त्री गेले

चि. बंडू,
अनेक आशीर्वाद.

काल पहाटे मेस्त्री गेले. तुला फोन लावला, आईनेही लावून पाहिला. उचलला नाहीस, म्हणून हे लिहून पाठवतोय. जवाहरबागेच्या स्मशानात सगळं उरकलं. वागळे इस्टेटमधले जुने टर्नर-फिटर बरेच आले होते.

नोकरी गेल्याचं तू एका ओळीत कळवलंस. त्यावर काही बोलणार नाही, असं आईला कबूल केलंय. पण फोन उचलत जा रे.

१९६२ ला एमआयडीसीने वागळे इस्टेट वसवली, तेव्हापासूनचे मेस्त्री. मी हाताखाली लागलो आणि पहिल्याच आठवड्यात लेथच्या चकमध्ये, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यात, चावी तशीच ठेवून मशीन चालू करायला निघालो. मनगट असं धरलं, की वळ उठले. "डोळा गेला असता," एवढंच बोलले.

पुढे कंपनीला टाळं लागलं. तू पोटात होतास. मी घराबाहेर पडेनासा झालो. मेस्त्री सकाळी किसननगरला यायचे, आईला म्हणायचे, "चहा ठेव, पण याने दाढी केल्याशिवाय याला देऊ नकोस." मग मला घेऊन ओळखीच्या एका गाळ्यावर. जॉब असला तर चार पैसे, नसला तर टूल ग्राइंड करत बसायचं. ग्रॅच्युइटीचा अर्जही त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतला. १९७२ चा कायदा त्यांना तोंडपाठ: पाच वर्षं भरली, की वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तुझीही पाच कधीच भरलीत. पुढे करतील त्या कागदावर न वाचता सही करू नकोस. पीएफचं बघ. दिवसभर रूमवर पडून राहू नकोस.

झालं, सुरू झालो मी. राग मानू नकोस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मेस्त्री तर गाळ्यागाळ्यावर तुझं कौतुक सांगायचे. तू सीएनसीचे, म्हणजे कम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्राम लिहितोस, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मीही कधी खोडलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

जेवतोस ना वेळेवर? तिथे बोलायला कुणी आहे का?

दहाव्याला ये. काकूंनी दोनदा विचारलं तुझं. शिवनेरीने ठाण्यात वंदना स्टँडला उतर, मी घ्यायला येतो. कितीची गाडी ते फोन करून सांग. मेसेज नको.

– बाबा