कनेक्टिंग केबिन कबूल करून तीन डेकवर तीन केबिन दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, क्रूझ विभाग
प्रत: ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय: सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ, आठ प्रवासी, तीन केबिन. ठरलेल्या केबिन परस्पर बदलल्या, त्यात १९ महिन्यांच्या मुलाची झोपण्याची सोय नाही. बुकिंग क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे.

महोदय,

‘मॅडम, तीन केबिन तीन डेकवर असल्या तरी जहाज तर एकच आहे ना,’ असं सांगून आपल्या प्रतिनिधीने आज फोन ठेवला. यापुढे फोनवर बोलणं व्यर्थ आहे, म्हणून लिहून देत आहे. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, आपल्याकडे आहे. तो समोर ठेवूनच हे पत्र वाचावं.

आपल्या ठाण्याच्या कार्यालयाने दिलेल्या लेखी कोटेशनमध्ये काय आहे ते आधी सांगते. आठव्या किंवा नवव्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, दोन कनेक्टिंग, म्हणजे मधल्या भिंतीत आतलं दार असलेल्या, बाल्कनी केबिन. त्यांच्यासमोर किंवा शेजारी तिसरी. आणि बाळासाठी पाळणा. कनेक्टिंग केबिनसाठी आणि जागा निवडण्यासाठी वेगळी रक्कम लावली होती, ती आम्ही भरली. आता आलेल्या अंतिम व्हाउचरवर बाळ आणि त्याचे आईवडील, म्हणजे आम्ही दोघं, पाचव्या डेकवर अगदी पुढच्या टोकाच्या इनसाइड (खिडकी नसलेल्या) केबिनमध्ये आहोत. आजी-आजोबा नवव्या डेकवर मागच्या टोकाला आहेत. माझा दीर, जाऊ आणि सहा वर्षांची पुतणी चौदाव्या डेकवर, पूल डेकच्या बरोबर खाली. पाळण्याचा उल्लेखच नाही.

हे का झालं ते आपल्या माणसांनी सांगितलं नाही, पण कागद पाहिल्यावर कळतं. आपण बुकिंग करताना बाळाला मोजलंच नाही. पहिल्या पानावर सात प्रवासी आणि खाली ‘इन्फंट नंतर जोडणे’ अशी नोंद आहे. ही पद्धत विमानाची आहे. विमानात दोन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवर बसतं, त्याला सीट लागत नाही. जहाजावर मांडीवरचा प्रवासी हा प्रकारच नाही. तान्हं मूलसुद्धा केबिनच्या क्षमतेत पूर्ण एक धरलं जातं, कारण लाइफबोटमध्ये त्याचीही जागा असावी लागते. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सोलास हा समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, सध्या १९७४ चा करार लागू आहे. जहाजावरच्या प्रत्येक माणसाला जीवरक्षक साधन मिळालं पाहिजे हा त्याचा गाभा. चोवीस तासांहून मोठ्या प्रवासात जितकी तान्ही मुलं जहाजावर असतील, तितकी १५ किलोखालच्या मुलांची लाइफजॅकेट असावी लागतात. बाळ यादीत नसेल तर ती मोजणी कशावर करणार?

केबिनचा जहाजाच्या एका मस्टर स्टेशनशी, म्हणजे संकटात प्रवाशांनी जमायच्या ठरलेल्या जागेशी, संबंध असतो आणि त्या स्टेशनच्या लाइफबोटींची क्षमता ठरलेली असते. एखाद्या भागातल्या केबिनमध्ये तिसरे-चौथे प्रवासी आधीच भरले असतील, तर तिथल्या केबिनमध्ये बर्थ रिकामा दिसत असूनही आणखी माणूस जोडता येत नाही. क्रूझ विकणाऱ्याला हे पहिल्या दिवशी माहीत असायला हवं. आपण बाळ शेवटी जोडायला गेलात, त्या भागाची मर्यादा संपली होती, म्हणून सिस्टिमने बाळाच्या केबिनला जिथे जागा उरली तिथे नेऊन टाकलं. कनेक्टिंगची जोडी तुटली आणि उरलेल्या दोन केबिन आपण गॅरंटी प्रकारात ढकलल्या. गॅरंटी म्हणजे केबिनचा फक्त प्रकार नक्की, जागा कंपनी देईल ती. ज्याला कुठेही चालतं त्याच्यासाठी ती स्वस्त आणि चांगली सोय आहे. जागा निवडण्याचे पैसे भरलेल्या माणसाला ती त्याला न विचारता देता येत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. त्यातला एक भाग आपल्या रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकावा अशी माझी मागणी आहे.

मी विचारलं, या इनसाइड केबिनमध्ये बाळ कुठे झोपेल? आपला प्रतिनिधी म्हणाला, ‘मॅडम, केबिन चार बर्थची आहे. तुम्ही दोघं खाली. वरचे दोन बर्थ रिकामेच आहेत. बाळाला वर झोपवा.’ मला वाटलं त्याला वय माहीत नाही. मी सांगितलं, मुलगा १९ महिन्यांचा आहे. तो म्हणाला, ‘हो मॅडम, दिसतंय मला. बर्थला रेलिंग असतं.’ मी विचारलं, तुम्ही तो बर्थ पाहिला आहे का? भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो, खाली शिडी असते. त्यावर तो म्हणाला, ‘मग तुम्ही वर झोपा आणि बाळाला खाली घ्या.’ मी म्हटलं, कोटेशनमध्ये पाळणा लिहिला आहे. तो म्हणाला, ‘पाळणा रिक्वेस्टवर असतो, कन्फर्म नसतो. आणि मॅडम, बाळाचं भाडं किती कमी लावलंय बघा ना, मग त्याला वेगळा बेड कसा मिळेल?’ मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं, तेव्हा बराच वेळ संगीत वाजलं आणि तोच पुन्हा फोनवर आला: ‘सरांनी सांगितलंय, जहाज तर एकच आहे.’

दुमजली पलंगाच्या वरच्या बेडवर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नये, ही सर्वमान्य सुरक्षा मर्यादा आहे. आणि तो पलंग इथे हलत्या जहाजावर आहे. आपला माणूस १९ महिन्यांच्या मुलाला तिथे झोपवा असा सल्ला देतो, वय माहीत असून देतो, आणि वर भाड्याचा हिशेब ऐकवतो. बाळाचं भाडं, बंदर शुल्क आणि कर हे सगळं आम्ही भरलं आहे. एक रुपयाही भरला नसता तरी हा सल्ला देण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. लहान मुलांच्या कुटुंबांना सहली विकणाऱ्या कंपनीत हे बोललं जातं याचा मला संताप आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता पाळण्याचा हिशेब. घडीचा पाळणा साधारण साडेतीन फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असतो. इनसाइड केबिन दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, त्यात डबल बेड, टेबल, कपाट आणि बाथरूम. पाळणा मांडला की बहुधा कपाटाचं किंवा बाथरूमचं दार अडतं, आणि बाहेर पडायचा रस्ता अडवून तो ठेवता येत नाही. सोफा-बेड उघडला तर पाळण्याला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही केबिनचं मोजमाप आणि मांडणी विचारून बाल्कनी केबिन घेतली होती.

इनसाइड केबिन मुळात वाईट असते असं माझं म्हणणं नाही. बाळाच्या दुपारच्या झोपेला तिथला अंधार उत्तमच. पण बाळ एक ते तीन झोपलं की आईवडिलांनी त्याच अंधारात दिवा न लावता बसायचं. बाल्कनी असेल तर पडदा ओढून, दार लोटून बाहेर बसता येतं. कनेक्टिंग दार असेल तर आजी-आजोबा पलीकडून लक्ष ठेवतात आणि आईवडील जेवून येतात. आपल्या प्रतिनिधीने सुचवलेला बेबी मॉनिटर नवव्या डेकवरून पाचव्या डेकवर चालत नाही. मधे पोलादाचे डेक आणि भिंती आहेत, त्यातून सिग्नल जात नाही. शेजारच्या केबिन आणि कनेक्टिंग केबिन यांतला फरकही आपल्या लोकांना समजावून द्यावा. कनेक्टिंगमध्ये दोन केबिनच्या मधल्या भिंतीत आतलं दार असतं. शेजारच्या केबिनमध्ये ते नसतं, रात्री बाळ रडलं तर मधला रस्ता कॉरिडॉरमधूनच. बाल्कनीमधलं पार्टिशन उघडून मिळेल हे आश्वासनही पर्याय म्हणून देऊ नये. ते प्रत्येक जहाजावर उघडत नाही, आणि बाल्कनीतून ये-जा करायची तर दार उघडं राहतं. चालायला लागलेल्या मुलाच्या बाबतीत बाल्कनीचं दार कायम वरच्या कडीने बंद आणि खुर्च्या कठड्यापासून लांब, एवढं पाळलं तरच ती केबिन सुरक्षित.

मध्यभाग का हवा, असंही मला विचारलं गेलं. मलाक्काची सामुद्रधुनी सहसा शांत असते हे मला माहीत आहे. जहाज हललंच तर मध्यावर आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी जाणवतं, हे खरं, पण आमचं मुख्य कारण अंतर हे होतं. तीनशे मीटरच्या आसपास लांबीच्या जहाजावर पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सासूबाईंना दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचं आहे, दिवसातून कितीतरी वेळा, कारण नातू एका टोकाला आणि त्या दुसऱ्या टोकाला. बदललेल्या तिन्ही जागांना स्वतःचे दोषही आहेत. पाचव्या डेकचं पुढचं टोक म्हणजे नांगराची साखळी आणि बो थ्रस्टर (जहाजाचं पुढचं टोक बाजूला वळवणारा पंखा) यांच्याजवळ. जिथे जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकतं तिथे पहाटे तो आवाज थेट केबिनमध्ये येतो, आणि बंदरात शिरतानाची पहाट हीच बाळाची गाढ झोपेची वेळ. मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर. पूल डेकच्या खाली पहाटेपासून खुर्च्या ओढण्याचा आणि डेक धुण्याचा आवाज. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक निवडायचा, हा साधा नियम आहे. आम्ही तसाच डेक निवडला होता.

मधेच एक पर्याय आपण देऊ केलात, त्याबद्दल विशेष नाराजी आहे. दिव्यांगांसाठीची मोठी केबिन घ्या, पाळणाही बसेल आणि स्ट्रोलरही आत जाईल, असं सांगितलं गेलं. साध्या केबिनचं दार अरुंद असतं, रुंद स्ट्रोलर आत जात नाही आणि कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, हे खरं. त्यासाठी आम्ही घडी होणारा अरुंद स्ट्रोलर नेणार आहोत. व्हीलचेअरवरच्या माणसाची जागा आम्ही घेणार नाही. असा पर्याय पुन्हा कुणालाही देऊ नका.

पॅकेजमधल्या आणखी दोन गोष्टी. ‘फॅमिली फन’ म्हणून बाळाच्या नावे लावलेली रक्कम परत करावी. बहुतेक जहाजांवर मुलांचा क्लब तीन वर्षांपासून आणि डायपर सुटलेल्यांसाठी असतो, आणि डायपर घालणाऱ्या मुलाला, स्विम डायपर असला तरी, मुख्य पूलमध्ये उतरू देत नाहीत. आमच्या मुलाला यातलं काय मिळणार आहे? दुसरं, इलेक्ट्रिक केटल बरोबर न्या, दूध-खिमटी करता येईल, असं आपल्या कार्यालयाने सांगितलं. गरम होणारी उपकरणं जहाजांवर आगीच्या धोक्यामुळे मनाई असतात आणि चेक-इनच्या वेळी काढून घेतात. बाळाच्या खाण्याबद्दल चुकीची माहिती देणं छोटी बाब नाही. गरम पाणी आणि मऊ भात जहाजाच्या किचनकडून मिळेल का, हे क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून आम्हाला कळवा.

मागण्या अशा आहेत. बाळासह आठही प्रवाशांची नावं क्रूझ कंपनीच्या यादीत असल्याचा पुरावा द्यावा. आतलं दार असलेल्या दोन कनेक्टिंग केबिन आणि त्यांच्याजवळची तिसरी, केबिन क्रमांकासह द्यावी. त्याच जहाजावर शक्य नसेल तर त्याच दरात पुढच्या सुट्टीची तारीख द्यावी, नाहीतर कसलीही कपात न करता पूर्ण रक्कम परत करावी. पाळणा त्या केबिन क्रमांकावर नोंदवल्याचा क्रूझ कंपनीचा ईमेल हवा, आपल्या कार्यालयाचा नको. जागा निवडण्याची आणि कनेक्टिंगची रक्कम, केबिन न मिळाल्यास, आजच परत करावी. आणि बाळाला वरच्या बर्थवर झोपवा असं कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं जातं, याचा लेखी खुलासा द्यावा.

दहा दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. कोटेशन, पावत्या, व्हाउचर आणि ‘इन्फंट नंतर जोडणे’ लिहिलेलं पान जोडत आहे. आमच्या सोसायटीतली आणखी दोन कुटुंबं आपल्याकडे बुकिंग करणार होती. त्यांनाही हे पत्र वाचायला दिलं आहे.

उत्तर ईमेलवर द्यावं. फोन करू नये.

आपली ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)