सेन्सर बसवला, पण प्रेसचा क्लच कोणता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, औद्योगिक वसाहतींत फलक लागतात, कामगारांकडून शपथ घेतली जाते, आणि या सगळ्याचा रोख बहुधा एवढाच असतो की कामगाराने सावध राहावे. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड येथील पत्राकामाच्या लहान शॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, बोटे गमावणाऱ्यांच्या बाबतीत हा रोख चुकीचा आहे. मी नोकरीची सारी वर्षे टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्यात आणि त्या प्रेसवर चढवून देण्यात घालवली, म्हणून हे पत्र माणसाच्या सावधपणापेक्षा यंत्राविषयी अधिक आहे.

मिनिटाला दहाच जॉब, म्हणजे तयार तुकडे, निघतात असे धरले तरी आठ तासांच्या पाळीत ४,८०० स्ट्रोक होतात. डायला गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा, नसेल तर तेवढ्या वेळा ऑपरेटरचा हात पंचाखाली, म्हणजे डायच्या वरून दाबणाऱ्या भागाखाली, जातो आणि बाहेर येतो. पाय पॅडलवर, डोळे जॉबवर आणि डोक्यात टार्गेट. पाळी बारा तासांची असेल तर हिशोब आणखी वाढतो. इतक्या वेळा हात आणि पाय यांचा मेळ एकदाही चुकणार नाही, ही अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करणे योग्य नाही. तरीही अपघातानंतर कागदावर ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहिले जाते आणि चौकशी तिथेच थांबते.

यंत्राकडे पाहिले तर दुसरे कारण दिसते. लहान शॉपमधील जुन्या मेकॅनिकल प्रेसपैकी पुष्कळ प्रेस की-क्लचच्या असतात. फ्लायव्हील सतत फिरत असते. पॅडल दाबले की क्लचमधील की फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडते आणि रॅम, म्हणजे पंच धरलेला सरकता भाग, खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत ती जोडणी सुटत नाही. म्हणजे स्ट्रोक एकदा सुरू झाला की तो मध्ये थांबवण्याची सोयच या प्रेसमध्ये नसते. त्यातच की झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा सैल झाला, तर पॅडलला पाय न लागताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपमध्ये याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. ऑपरेटरने त्या क्षणी सर्व काही बरोबर केलेले असते. तयार जॉब काढायला त्याने हात आत घातलेला असतो, इतकेच.

गेल्या काही वर्षांत अशा प्रेसवर सेन्सर, म्हणजे प्रकाशपडदा, बसवण्याची पद्धत वाढली आहे. हेतू चांगला असला तरी याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. हात आडवा आला हे सेन्सरला कळते. पण रॅमला थांबवायचे काम क्लच आणि ब्रेकचे असते. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, फ्रिक्शन क्लचची प्रेस स्ट्रोकच्या मध्येही थांबू शकते, की-क्लचची थांबू शकत नाही. अमेरिकेच्या नियमांनी पूर्ण फेऱ्याच्या, म्हणजे की-क्लचसारख्या, क्लचवर अशा सेन्सरचा संरक्षणासाठी वापर करण्यास बंदी घातली आहे, ती याच कारणाने. आपल्याकडे मात्र ऑडिटच्या दिवशी सेन्सरचा हिरवा दिवा पाहिला जातो आणि क्लच कोणता हे विचारलेच जात नाही, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. बिनसेन्सरच्या प्रेसवर माणूस निदान भीतीने हात आखडता घेतो, इथे तो निर्धास्त होतो. फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवरही सेन्सर किती अंतरावर लावला याला महत्त्व आहे. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर आणि प्रेस थांबायला लागणारा वेळ पाव सेकंद धरला, तर तेवढ्या वेळात हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ब्रेक झिजला की हे अंतर वाढते, पण सेन्सर आहे तिथेच राहतो.

की-क्लच प्रेसवर उपाय नाही असे नव्हे. डायभोवती पक्का बंद गार्ड आणि पट्टी आत सरकवण्यापुरती फट, हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. सुटे तुकडे भरायचे असतील तर घसरपट्टी किंवा सरकता ट्रे करता येतो, अथवा स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत उघडणारच नाही असा इंटरलॉक असलेला गार्ड बसवता येतो. हे काम डायच्या ड्रॉइंगपासूनच सुरू व्हायला हवे. डाय तयार झाल्यावर गार्डचा विचार केला की तो अडचणीचा होतो, आणि अडचणीचा गार्ड दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात पडतो. हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे असतात, त्यांपैकी एक बटण पट्टीने दाबून ठेवले जाते तेही उत्पादन वाढावे म्हणूनच, आणि सुपरवायझरला ते दिसत असते.

यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने मालकावर टाकली होती, कामगारावर नव्हे. त्या मूळ कायद्यात यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांपासून सुरू होत असे; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा वीस आहे. दहा-पंधरा माणसांच्या प्रेस शॉपमध्ये धोका मात्र तेवढाच आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार डाय बसवल्यावर किंवा बदलल्यावर गार्डची तपासणी व चाचणी होते, शिवाय प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत नेमलेल्या प्रशिक्षित माणसाला पुन्हा तपासणी करून सही करावी लागते. यासाठी पैसा फारसा लागत नाही, एक शिकवलेला माणूस आणि काही मिनिटे लागतात.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगातील जखमी कामगारांविषयी अहवाल प्रसिद्ध करते. हरियाणापासून सुरू झालेल्या या कामात पुढे महाराष्ट्रही आला. बोटे व हात चिरडण्याचे सर्वांत मोठे कारण पॉवर प्रेस आहे, जखमींमध्ये परप्रांतीय आणि कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि अनेकांना ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड अपघातानंतरच मिळते, असे हे अहवाल सांगतात. कामगार भरपाईच्या कायद्यातील परिशिष्टात एका हाताची दोन बोटे म्हणजे कमाईक्षमतेची २० टक्के हानी, पूर्ण तर्जनी म्हणजे १४ टक्के. त्या माणसाला पुन्हा ऑपरेटर म्हणून सहसा कोणी घेत नाही, हे त्या आकड्यांत येत नाही.

मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादाराच्या जॉबचे माप मायक्रॉनपर्यंत तपासतात. जॉबवर्क करणाऱ्या शेवटच्या शॉपमध्ये प्रेसचा क्लच कोणता आहे आणि डायला गार्ड आहे का, हे तपासणे त्यांना अशक्य नाही. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने जिल्हावार की-क्लच प्रेसची नोंद करावी, त्यांवर बंद गार्ड किंवा इंटरलॉक गार्ड सक्तीचा करावा, आणि प्रेसवरील प्रत्येक अपघाताच्या नोंदीत क्लचचा प्रकार, गार्डची स्थिती आणि शेवटच्या तपासणीची तारीख हे तीन रकाने भरून ती माहिती दरवर्षी जाहीर करावी, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी, भोसरी